सांगुरीचं अर्धं गाणं

मी चोमडी आहे, हे आमच्या वस्तीतल्या शेळ्यांनाही माहीत आहे. कुणाच्या घरातून आज धूर उशिरा निघाला, कुणाची सून माहेरी जाताना कोणते मणी घालून गेली, हे कळल्याशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. नवरा म्हणतो, तुझं नाक तुझ्याआधी दाराबाहेर पडतं. पडू दे. त्या नाकानेच त्याचं घर सावरलं, आणि हे तो मरेपर्यंत कबूल करणार नाही, म्हणून मीच सांगते.

कोरड्या दिवसांत आमची नदी म्हणजे नुसती वाळू. पाणी असतं, पण वाळूच्या पोटात. मग ज्या त्या घराण्याने पात्रात आपली विहीर खणायची. चार-पाच गडी आत कडेला खोदलेल्या पायऱ्यांवर एकाच्या वर एक असे उभे राहतात आणि बादल्या हातोहात वर येतात. बादलीबरोबर गाणं येतं. तळाशी उभा असतो तो ओळ टाकतो, वरचे ती उचलतात. प्रत्येक घराण्याचं गाणं निराळं, आणि एकाचं दुसऱ्याने गायचं नाही. का, तर पात्रात विहिरी पुष्कळ आणि तहानलेली गुरं त्याहून पुष्कळ. सगळी एकदम पाण्यावर धावली तर चेंगराचेंगरी होईल. म्हणून गुरांना लहानपणापासून वळण असतं. आपलं गाणं लागलं की पुढे यायचं, आणि दुसऱ्याचं लागलं की मागे सरून, तोंड फिरवून गुमान उभं राहायचं. गुरं हे शिकतात. माणसांना शिकवायचं आमच्यात राहून गेलं.

आमच्या विहिरीच्या तळाशी माझे थोरले दीर असायचे, लोसिकेभाऊजी. त्यांच्या वरच्या पायरीवर माझा नवरा, मेरियोन, आणि त्याच्या वर भाच्यांपैकी कुणी ना कुणी. गाणं माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं. सगळ्या गाईंची नावं त्यात, कोण कुणाची लेक, कुणाचं शिंग कसं. दोघा भावांचे आवाज लहानपणापासून एकात एक बसलेले. भाऊजींची ओळ संपायच्या आत मेरियोनची सुरू व्हायची, आणि मध्ये कुठे फट म्हणून सापडायची नाही. मी वर, गुरं पाणी पितात त्या दोणीपाशी वासरं आवरत उभी राहायची. नवऱ्यावर कितीही रागावलेली असले तरी त्या वेळी तो मला आवडायचा.

शेवटची गाय पिऊन गेली की भाऊजी आणखी एक कडवं टाकायचे आणि दोणी पुन्हा काठोकाठ भरायची. ती हत्तींची. पलीकडच्या बाभळींत हत्तिणी पिल्लं घेऊन उभ्याच असायच्या. आम्ही गुरं घेऊन वळलो की त्या यायच्या, निवांत प्यायच्या, आणि आया थांबल्या की खाली पिल्लंही दूध ओढायची. दोणी भरलेली असली की त्या विहिरीत सोंड घालायला जात नाहीत, काठ ढासळत नाही, असं भाऊजींचं म्हणणं. मेरियोनला ते पटत नसे. आपल्या गाईंचं पोट भरेना आणि दादा पाहुण्यांना वाढतोय, असं तो रोज पुटपुटायचा, आणि पुटपुटतच ओळ उचलायचा. ते कडवं त्याने स्वतः होऊन मात्र कधी सुरू केलं नाही.

मग एकदा भाऊजी मेहुण्याच्या लग्नाला गेले आणि तळाशी मेरियोन उतरला. पाणी खोल गेलं होतं, सगळे थकले होते. गाई पिऊन झाल्या आणि तो वर आला. मी विचारलं, दोणी? तो म्हणाला, एक दिवस नाही भरली तर आभाळ कोसळत नाही.

सकाळी आम्ही गेलो तर विहिरीत हत्तीचं पिल्लू. रात्री आया पाण्यासाठी काठावर दाटल्या असणार आणि काठ सुटला असणार. माणसांची चाहूल लागली तसा कळप डोंगराकडे सरकला. पिल्लू आत गळ्यापर्यंत चिखलात, आणि सारखं ओरडत होतं. तेवढ्यात भाऊजीही लग्नाहून परतले. त्यांनी लगेच पाळणाघराला फोन लावायला सांगितला.

पाळणाघर म्हणजे डोंगरापलीकडे आमच्याच लोकांनी राखून ठेवलेलं रान आहे ना, त्यातली जागा. आईवेगळी हत्तीची पिल्लं तिथे वाढवतात. काम करणारी सगळी आमचीच पोरंबाळं, आणि त्यांच्यावर मुकादम माझ्या बहिणीची मुलगी, नारामात. तिची माणसं आली, दोर लावले, एक अख्खी बाजू खणली, आणि पिल्लू वर आलं. पिल्लू वर आलं आणि विहीर खाली बसली. ऐन उन्हाळ्यात, गुरं काठावर उभी असताना, घराण्याची विहीर वाळूत गडप झाली.

तिथेच दोघांची जुंपली. तू दोणी भरली नाहीस म्हणून पिल्लू पडलं, असं भाऊजी म्हणाले. तू त्यांना सवय लावलीस म्हणून पडलं, असं मेरियोन म्हणाला. खरं सांगू, दोघंही बरोबर होते, आणि दोघंही बरोबर असले की भांडण मिटत नाही. त्या दिवसापासून दोघांनी दोन विहिरी खणल्या, जेमतेम हाकेच्या अंतरावर. भाऊजींना मुलगा नाही. एक भाचा हाताशी घेऊन ते खणणार किती? त्यांना गढूळ ओंजळभर पाणी मिळायचं आणि त्यांच्या गाईंच्या बरगड्या दिसायला लागल्या. आमच्याकडेही काही सोनं लागलेलं नव्हतं.

आणि गाणं बंद. एकदा मेरियोनने सवयीने ओळ टाकली, आणि पलीकडच्या विहिरीतून तिचं उत्तर आलं. भाऊजींच्या तोंडून आपोआप निघून गेलं असणार. दोन्ही विहिरी एकदम गप्प झाल्या. त्यानंतर दोघंही मुक्याने पाणी काढायला लागले. गाईंना कळेना पुढे व्हायचं की मागे सरायचं. त्या दोन्ही दोण्यांच्या मध्ये उभ्या राहून हंबरायच्या.

पिल्लाचा कळप परत आला नाही. पाळणाघराच्या माणसांनी वाट पाहिली, मग पिल्लाला घेऊन गेले. जिथे सापडलं त्या जागेचं नाव पिल्लाला द्यायची त्यांची रीत आहे. आमच्या विहिरीला घराण्याचंच नाव, लेसांगुरी. पिल्लू मादी, म्हणून पुढचा पुरुषी 'ले' गळून ती सांगुरी झाली. मेरियोन भडकला. माझी विहीर बुडवली ती बुडवली, वर माझं आडनाव लावून हिंडते, म्हणाला. घरात तिचं नाव काढायचं नाही, असं त्याने मला बजावलं.

मी नाव काढलं नाही. पण कान बंद करता येतात का? एका सकाळी नारामात आमच्या कुंपणाशी आली. चहा दिला, तर तिचा हात कपावर नुसताच फिरत होता, पीत काही नव्हती. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, सांगुरी दूध घेत नाही. आणली तेव्हा अर्धमेली होती, तेव्हा सलाईन आणि नळीवर भागलं. शुद्धीवर आली, पायांवर उभी राहिली, आणि आता बाटली पुढे केली की मागे जाते. दूध बदललं, बाटली बदलली, माणूस बदलला. काही उपयोग नाही.

"मावशी, उद्या-परवापर्यंत प्यायली नाही तर ती जाणार," नारामात म्हणाली. "तिच्या अंगात आता काही उरलेलं नाही."

मी चूल तशीच टाकून उठले. नवऱ्याला सांगितलं, बहिणीकडे जाऊन येते. बहिणीच्या मुलीकडे म्हणायचं होतं, तेवढं तोंडातच राहिलं.

पाळणाघरात मी तोवर पाऊल टाकलं नव्हतं, याची मला खरंच लाज होती. कुठल्या कुठल्या देशांतले पाहुणे विमानाने येऊन बघून जातात, आणि मी डोंगराच्या अलीकडे राहून आतलं काही सांगू शकत नव्हते. चोमडेपणाला हा बट्टाच की. वाटेत राखीव रानात एक गेंडा चरत होता, आणि शिंगासाठी त्याला कुणी मारू नये म्हणून त्याच्यामागे आमच्याच वस्तीतला एक बाप्या खांद्यावर बंदूक टाकून चालत होता. गेंडा झुडपाकडे वळला की हा झुडपाकडे, गेंडा थांबला की हा थांबला. दिवसभर हेच करतोस का, असं मी विचारलं, तर म्हणाला, रात्री दुसरा येतो. बायकोच्या मागे असा कधी हिंडलास का, असंही विचारणार होते, पण नारामातने मला ओढत पुढे नेलं.

आत गेल्यावर मात्र माझी जीभ सुटली. एवढ्या मोठ्या बाटल्या कुठून आणता? दूध शेळीचंच का? (शेळीचं त्यांना पचतं, म्हणे, आणि आजूबाजूच्या बायका ते रोज आणून घालतात.) हा कांबळा दोरीवर का टांगलाय? तर पिल्लांना त्याखाली सोंड घालून उभं राहायला आवडतं, आईच्या पोटाखाली उभं राहिल्यासारखं वाटतं. मी तो कांबळा हाताने चाचपून पाहिला. साधाच होता, आमच्या घरात असतो तसला. बाकीची पिल्लं चिखलातून धावत आली, ढकलाढकली करत बाटल्यांना लागली, आणि त्यांना पाजणारे गडी गात होते. ही पिल्लं लांबून लांबून आणलेली, जिथे अशा विहिरी नाहीत तिथली. त्यांना गाणं आवडतं, नारामात म्हणाली, गाण्याने शांत होतात. म्हणून इथे सगळेच गातात.

सांगुरी वेगळी, काटक्यांचा कूड घातलेल्या आवारात होती. विहिरीतून निघाली तेव्हा चिखलाचा का होईना, गोळा होता. आता कातडी नुसती हाडांवर टाकल्यासारखी लोंबत होती. डोक्यावरचे लाल केस तेवढे ताठ उभे होते. तिच्यापाशी लोपेरे नावाचा गडी होता, तीन लेकरांचा बाप. अख्ख्या पाळणाघरात त्याचा आवाज गोड, म्हणून तिच्यासाठी मुद्दाम त्याला नेमलेलं. त्याने बाटली घेतली, कांबळ्याआड उभा राहिला आणि गायला लागला. खरंच गोड आवाज. मीसुद्धा क्षणभर ऐकत राहिले.

सांगुरी एक पाऊल मागे सरली. मग आणखी एक. कुडाला जाऊन टेकली, तोंड फिरवलं आणि गुमान उभी राहिली. घाबरली नव्हती, रागावली नव्हती. नुसती उभी. कशाची तरी वाट पाहणारं जनावर जसं उभं राहतं, तशी.

तशी उभी राहिलेली जनावरं मी जन्मभर पाहत आले होते.

"हे गाणं कुठलं रे?" मी विचारलं.

"आमच्या विहिरीचं," लोपेरे म्हणाला. "माझ्या आजाने बांधलेलं. लेकराला द्यायचं तर घरातलं चांगलं तेच द्यावं ना."

"अरे बाबा, तू तिला सांगतोयस, मागे हो, हे तुझं नाही."

त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. मग मी सगळं उलगडून सांगितलं. ही पोर आमच्या दोणीच्या पलीकडे बाभळींत वाढली. आमचं गाणं संपता संपता हिची आई पाण्यावर यायची, आई थांबली की हिला दूध मिळायचं. शेजारच्या विहिरीचं गाणं लागलं की आई लांबच उभी राहायची, आणि ही तिच्या पायांत. तुझं गाणं म्हणजे हिच्या लेखी दुसऱ्याची पाळी. लोपेरेचा बाटलीचा हात हळूहळू खाली आला. तो मातीत बसला.

"ती पीत नव्हती म्हणून मी आणखी गायलो," तो म्हणाला. "रात्र रात्र गायलो, मावशी."

त्याला काय बोलणार? आमच्यापैकी कुणीही असता तरी हेच केलं असतं. लेकरू उपाशी आहे म्हटल्यावर आपल्याकडचं सगळ्यात चांगलं काढायचं, आणि आमच्याकडे त्या गाण्याहून चांगलं काय आहे? नारामातही डोकं धरून उभी होती. तिनेच तर त्याला नेमलं होतं.

बाईने विहिरीचं गाणं गायचं नसतं. पण तिथे पुरुष एकच होता, आणि तो रडत होता. मी लोपेरेच्या हातून बाटली घेतली, घसा खाकरला आणि हत्तींच्या कडव्यातली तळाची ओळ टाकली. माझा आवाज काही कौतुकाचा नाही. तरी सांगुरीचे कान फडफडले. ती वळली. दोन पावलं पुढे आली. सोंड वर केली, आणि थांबली. माझ्याकडे नाही, माझ्या मागे कुठेतरी बघत होती.

वरची ओळ कोण उचलणार? मी तळाचीही म्हणून पाहिली, वरचीही म्हणून पाहिली. एका छातीत दोन माणसांचा दम कुठून आणायचा? ती दरवेळी दोन पावलं यायची, वाट पाहायची आणि पुन्हा मागे जायची. नारामातला आमचे शब्द येत नव्हते. लोपेरेला म्हटलं, तू उचल, मी शिकवते. तो अंग चोरून म्हणाला, दुसऱ्याच्या विहिरीचं गाणं मी तोंडात घेतलं तर उद्या पंचायत बसेल, लोपेरेने विहिरीवर हक्क सांगितला म्हणून. खरंच होतं ते. आमच्यात गाणं म्हणजेच विहीर.

तर असं होतं सगळं. ती पोर जगायची तर दोन आवाज हवे होते, आणि ते दोन आवाज एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

परतताना मी आधी भाऊजींच्या घरी गेले. ते बाहेर बसून बादलीचं फुटलेलं चामडं शिवत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, ती कान हलवते का? पाय घट्ट टेकते का? मग चामड्यात सुई खोवून ठेवली. शेवटी विचारलं, तो येणार का? मी म्हटलं, नाही. मग मी येतो, म्हणाले.

घरी आले आणि नवऱ्याला जेवायला वाढलं. त्याच्या समोर बसून मी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की उद्या भाऊजी पाळणाघरात जाऊन सासऱ्यांचं गाणं गाणार आहेत. सगळ्यांसमोर, एकटे.

"एकटा?" तो म्हणाला. "त्याला वरची ओळ येते कुठे?"

"येते म्हणाले. मेरियोन नसला म्हणून काही अडत नाही, म्हणाले."

भाऊजी असं काही म्हणाले नव्हते. देवाने मला तोंड दिलंय ते कशासाठी? मेरियोनने ताट बाजूला सारलं. त्या रात्री तो कूस बदलत राहिला, आणि सकाळी माझ्याआधी काठी घेऊन दारात उभा. म्हणे, डोंगरापलीकडे चांगली काठी मिळते, तोडून आणतो. हातातल्या काठीला काय झालं, हे मी विचारलं नाही.

कुडापाशी भाऊजी आधीच येऊन बसले होते. दोघांनी एकमेकांना पाहिलं. मेरियोन कुडाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि खांबाला टेकून हाताची घडी घालून उभा राहिला, रस्ता चुकून आल्यासारखा. सांगुरी आडवी पडली होती. नारामात आणि लोपेरे तिला दोन्ही बाजूंनी धरून उठवत होते आणि तिचे पाय मुडपत होते. तेव्हा मी नवऱ्याचं तोंड पाहिलं. पिल्लाला विहिरीतून काढल्यानंतर तो तिला पहिल्यांदाच बघत होता. त्याची घडी सुटली.

भाऊजी उठले आणि त्यांनी ओळ टाकली. त्यांचा आवाज विहिरीच्या तळाशी घुमायचा तसा इथेही घुमला. सांगुरीने मान वर केली. पाय टेकले. एक पाऊल, दुसरं पाऊल. सोंड वर करून थांबली. भाऊजी थांबले. सगळेच थांबले. मी मेरियोनकडे बघत होते आणि मनातल्या मनात त्याला इतक्या शिव्या देत होते की सांगायची सोय नाही. तो खाली मान घालून उभा होता. सांगुरीचा मागचा पाय थरथरायला लागला.

भाऊजींनी तीच ओळ पुन्हा टाकली, आणि या वेळी ती संपायच्या आत दुसरा आवाज लागला. आधी घोगरा, मग मोकळा. मेरियोन जमिनीकडेच बघत गात होता. सांगुरी त्या दोघांच्या मधून नीट चालत आली, कांबळ्याखाली डोकं घातलं आणि बाटली तोंडात धरली. दूध तिच्या ओठांवरून सांडत होतं, घशातून गटगट आवाज येत होता. नारामात एका हाताने बाटली धरून दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती. लोपेरे कुडाबाहेर जाऊन उभा राहिला. चुकून आपला आवाज निघू नये म्हणून, असं नंतर म्हणाला.

अर्धी बाटली संपली आणि आमच्या म्हाताऱ्याच्या अंगात पुन्हा आलं. ओळ सोडून तो भाऊजींना ऐकू जाईल असं मला म्हणाला, की सवय कुणी लावली ते आता दिसतंय ना. गाणं तुटलं. सांगुरीने बाटली सोडली आणि मागे सरली.

"काका," नारामात म्हणाली, "ती प्यायल्यावर भांडा."

तो मुकाट्याने गायला लागला. बाटली रिकामी झाली, मग दुसरीही. सांगुरी मातीत बसली आणि बसल्या बसल्या झोपली. दोघे भाऊ दोन वाटांनी घरी गेले.

पण दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशीही आले. एक सकाळच्या दुधाला, एक संध्याकाळच्या, असं तर चालणार नव्हतं, दोघांनाही दोन्ही वेळा यावंच लागायचं. रोज कुडाच्या दोन टोकांना दोघं, मध्ये सांगुरी. गाणं संपलं की दोन वाटा. मी रोज जायचे. मला सगळं बघायचं असतं, हे मी आधीच सांगितलंय. सांगुरीच्या बरगड्या बुजल्या. ती बाकीच्या पिल्लांत ढुश्या मारायला लागली. डोंगरावर ढग जमले, पाऊस होऊन गेला, नदीला लाल पाणी आलं आणि गेलं. पुन्हा विहिरी खणायचे दिवस आले, आणि दोघांनी पुन्हा वेगवेगळ्या जागा आखल्या. ते पाहून मला इतका संताप आला की मी दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाही.

आणि एक गोष्ट मला ठाऊक होती. नारामातने मला केव्हाच सांगितली होती. पिल्लांना दुपारीही दूध असतं, रात्रीही असतं. त्या वेळी कोण गातं? सुरुवातीला सांगुरी त्या वेळी उपाशी राहायची, मग एका दुपारी आपणहून बाटलीला लागली. नंतर तर लोपेरेच्या गाण्यावरही प्यायली. आता तिला गाणं लागत नव्हतं. नारामात दोघांना सांगायला निघाली होती, म्हाताऱ्यांची रोजची पायपीट वाचेल म्हणून. मी तिचा हात धरला. म्हटलं, ब्र काढशील तर बघ. दिवसातून दोनदा ते दोघे एका ठिकाणी येतात ते फक्त हिच्यासाठी. हिची भूक गेली की आमच्या घराचं उरलंसुरलं तेवढंही जाईल.

असं किती काळ झाकणार? एका संध्याकाळी दोन्ही घरांच्या गाई चुकल्या, शोधता शोधता आम्हाला उशीर झाला. मी आणि मेरियोन धावतपळत पोचलो, तर पलीकडच्या वाटेने भाऊजीही धापा टाकत येत होते. कुडाचं दार उघडं होतं. आत सांगुरी लोपेरेच्या पायाशी उभी, पोट ढोलासारखं टम्म, सोंडेने त्याची टोपी काढायच्या खटपटीत. तोंडाला दुधाचा फेस. मातीत रिकामी बाटली पडलेली. लोपेरेने आम्हाला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

मेरियोनने बाटलीकडे पाहिलं. भाऊजींनीही पाहिलं. दोघंही म्हातारे असतील, आंधळे नव्हते. झालं, संपलं. आता हे दोघे वळणार आणि आपापल्या वाटेला लागणार, आणि या वाटेवर पुन्हा पाय ठेवणार नाहीत. मला रडूच यायला लागलं. पण मेरियोन सरळ भाऊजींकडे बघत बोलला.

"दादा, पोर उपाशी दिसते."

इतक्या महिन्यांत तो भावाशी बोलला ते पहिलं वाक्य हे, आणि तेही धडधडीत खोटं.

भाऊजींनी सांगुरीच्या टम्म पोटाकडे नीट निरखून पाहिलं.

"हो रे," ते म्हणाले. "पार खपाटीला गेलंय पोट."

मग मेरियोन कुडात शिरला. रोजच्या टोकाला नाही गेला, मध्येच, भाऊजींच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि त्याने ओळ टाकली. गाईंची नाही, हत्तींच्या कडव्याची, तळाची. जी त्याने त्या संध्याकाळी विहिरीत उभं राहून टाकली नव्हती. जन्मात पहिल्यांदा ती त्याच्या तोंडून निघाली, आणि भाऊजींनी वरची उचलली. सांगुरी टोपी सोडून त्यांच्याकडे आली आणि दोघांच्या मध्ये अंग टेकून उभी राहिली. तिला काही नको होतं.

मी वाकून ती रिकामी बाटली उचलली आणि अंगावरच्या कापडाखाली लपवली.